जिवंत करणाऱ्याचं नातं

एका मुलाच्या बोटात विलक्षण गुण असतो. मेलेल्या जिवाला त्याचा हात लागला की तो जीव उठून बसतो. दुसऱ्यांदा हात लागला की कायमचा मरतो. आणि उठलेला जीव एका मिनिटापेक्षा जास्त टिकला, तर त्याच्या बदल्यात जवळपासचा दुसरा कुणीतरी जातो. हा मुलगा मोठा होऊन पाय बनवतो, म्हणजे फळं भरलेल्या त्या गोल, भाजलेल्या पोळ्या. फावल्या वेळात एका खासगी गुप्तहेराबरोबर तो शवागारात जातो, खून झालेल्याला मिनिटभर उठवतो, तुला कुणी मारलं असं विचारतो आणि पुन्हा हात लावून निजवतो. बक्षिसाचे पैसे दोघं वाटून घेतात. एके दिवशी शवपेटीत त्याला त्याची लहानपणची मैत्रीण दिसते. तो तिला उठवतो, आणि दुसऱ्यांदा हात लावायचं टाळतो. ती जगते. आता त्याला तिला जन्मात कधी स्पर्श करता येणार नाही.

‘पुशिंग डेझीज’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या भागाची ही गोष्ट. भागाचं नाव ‘पाय-लेट’. ब्रायन फुलरनं लिहिलेला आणि बॅरी सॉननफेल्डनं दिग्दर्शित केलेला हा भाग ३ ऑक्टोबर २००७ रोजी एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. मालिका फार चालली नाही. लेखकांच्या संपामुळे पहिलं पर्व नऊ भागांवर थांबलं, दुसरं तेरा भागांचं झालं, आणि २००९ मध्ये सगळं आटोपलं. एकूण २२ भाग.

मी पहिला भाग पाहिला तो इतक्या वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, पनागरला. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. मटाराचे दिवस होते, रस्त्यावरून पोत्यांनी भरलेल्या गाड्या रात्रभर जात होत्या. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि मी आईजवळ राहायला आले होते. एम.ए.च्या वर्गातल्या मैत्रिणीनं पेन ड्राइव्ह पाठवला होता आणि सोबत निरोप, ‘हलकंफुलकं आहे, डोकं शांत होईल.’ त्यात पहिल्या दहा मिनिटांत एक कुत्रा, एक आई आणि एक बाप मरतो, हे ती विसरली असावी. मी मात्र त्या दहा मिनिटांत जी अडकले ती अजून सुटलेली नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे विक्षिप्त गुप्तहेर म्हटला की माझ्या वयाच्या माणसाला आठवतो तो १९८५ चा दूरदर्शनवरचा ‘करमचंद’. पंकज पराशरचं दिग्दर्शन, पंकज कपूरच्या हातातलं गाजर, आणि सुष्मिता मुखर्जीची किटी. तिथं गंमत माणसाच्या लकबीत होती, खून मात्र नेहमीचाच असायचा. फुलरनं उलटं केलं. त्याचा नेड (ली पेस) साधा, लाजाळू, दोन्ही हात पाठीमागे ठेवून उभा राहणारा माणूस आहे. विक्षिप्तपणा जगात आहे. गवत नको तितकं हिरवं, फुलं नको तितकी पिवळी, पायच्या दुकानाचं छप्परसुद्धा पायच्या वरच्या पापुद्र्यासारखं. आणि या सगळ्यावर जिम डेलचा आवाज. हॅरी पॉटरची पुस्तकं अमेरिकी श्रोत्यांसाठी यानंच वाचली आहेत. आजोबांनी नातवंडांना सांगावी तशा आवाजात तो आपल्याला सांगतो, की कुत्रा मेला तेव्हा नेडचं वय नऊ वर्षं, सत्तावीस आठवडे, सहा दिवस आणि तीन मिनिटं होतं.

वयाचा हा हिशेब पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. तिसऱ्या-चौथ्यांदा लक्षात येतं की मरणाची वेळ माणसं अशीच सांगतात. बाबा किती वाजता गेले हे आई येणाऱ्या प्रत्येकाला मिनिटासकट सांगत होती. जे हातात राहत नाही त्याचा निदान आकडा तरी हातात असावा. मालिकेची गंमत आणि तिचं दुःख हे एकाच वाक्यातून बोलतात. हे जमायला अवघड आहे, आणि पहिल्या भागात ते जवळजवळ पूर्णवेळ जमलं आहे.

मी अनुवाद करून पोट भरते, त्यामुळे एखादी गोष्ट आवडली की ती मराठीत कशी म्हणायची हा किडा डोक्यात वळवळतोच. इथं शीर्षकातच अडलं. इंग्रजीत मेलेला माणूस जमिनीखालून डेझीची फुलं वर ढकलत असतो. आपल्याकडे मरणाला म्हणी कमी नाहीत. माणूस राम म्हणतो, वर जातो, त्याच्या गोवऱ्या मसणात जातात. पण ढकलायला कुणी खाली उरतच नाही. गोवऱ्या आणि फुलं यांतला फरक हा फक्त शब्दांचा नाही. नेडची सगळी कथा पुरण्यावर उभी आहे. देह शाबूत आहे, पेटीत आहे, झाकण उघडलं की गालाला बोट लावता येतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी भाऊ अस्थी गोळा करून ग्वारीघाटावर नर्मदेत सोडून आला. नेड आला असता तरी त्यानं हात कशाला लावला असता?

इथं मला मंदारवती आठवली.

वेताळ पंचविशी मराठी घरांत दोन वाटांनी आली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात ती मराठीत आणली, ही एक. आणि आमच्या पिढीपर्यंत ती पोचली ‘चांदोबा’तून. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, चित्रकार शंकर यांचं ते चित्र ज्यानं लहानपणी पाहिलं तो ते विसरू शकत नाही. बाबा ते अंक नागपूरहून मागवून घेत आणि रात्री वाचून दाखवत. पण मंदारवतीची गोष्ट मी खरी वाचली ती पुढे, सोमदेवाच्या कथासरित्सागरात. अकराव्या शतकातलं काश्मीर, राजाचं नाव तिथं त्रिविक्रमसेन.

यमुनेकाठच्या एका अग्रहारात अग्निस्वामी नावाच्या ब्राह्मणाची मुलगी मंदारवती. तिला मागणी घालणारे तीन तरुण, तिघेही तोलामोलाचे. निर्णय होण्याआधीच ती तापानं जाते. एक तरुण स्मशानात झोपडी बांधतो आणि तिच्या राखेवर झोपतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा जोगी होऊन भटकत राहतो. भटकताना तो एका घरी जेवायला थांबतो. त्या घरातलं पोर रडतं म्हणून घरची बाई चिडून त्याला चुलीच्या आगीत फेकते. पाहुणा हादरतो. यजमान शांतपणे एक पोथी काढतो, मंत्र म्हणून चिमूटभर धूळ राखेवर टाकतो, आणि पोर जसंच्या तसं उठतं. रात्री जोगी ती पोथी चोरतो, परत येतो आणि मंदारवतीला राखेतून उठवतो. मग तिघं भांडतात, ही कुणाची? आणि वेताळ राजाला तेच विचारतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत झाडावर.

राजा बोलतो. म्हणतो, ज्यानं जिवंत केलं तो बाप झाला. ज्यानं अस्थी गंगेला नेल्या तो मुलगा झाला. राखेला कवटाळून जो स्मशानात पडून राहिला, तोच नवरा.

लहानपणी हा निवाडा मला अन्यायाचा वाटला असता. सगळी खटपट एकानं केली आणि बायको दुसऱ्याला. ‘पाय-लेट’ पाहिल्यावर तो मला पटला, आणि फुलरची गोष्ट मला त्या निवाड्याच्या उजेडातच नीट दिसली. नेड चकला (तिचं खरं नाव शार्लट चार्ल्स, काम ॲना फ्रीलनं केलं आहे) जिवंत करतो आणि त्याच क्षणी नवरा होण्याचा हक्क गमावतो. मालिका याला नियम म्हणते. सोमदेवाच्या राजानं याला नातं म्हटलं असतं. जिवंत करणाऱ्यानं जन्म दिला आहे. ज्याला जन्म दिला त्याच्याशी संसार करता येत नाही.

आणि फुलरला हे नुसतं योगायोगानं सुचलं असेल असं वाटत नाही. कारण त्यानं बापाची जागा आधीच रिकामी करून ठेवली आहे. नऊ वर्षांच्या नेडची आई पाय भाजता भाजता कोसळते. मुलगा तिला हात लावतो, ती उठते, काही झालंच नाही अशी कामाला लागते. मिनिट उलटतं आणि पलीकडच्या अंगणात चकचा बाप मरून पडतो. त्याच रात्री आई नेडला निजवताना त्याची पापी घेते आणि कायमची जाते. म्हणजे चकच्या बापाला मारलं नेडनं, नकळत, पण त्यानंच. वीस वर्षांनी तिला पुन्हा जन्म देऊन तोच त्या जागी येऊन उभा राहतो. ही प्रेमकथा मुळातच न जमणारी आहे, आणि मालिकेनं तिला गोडसर रंग दिले आहेत ते बहुधा हे झाकायलाच.

इथून माझी तक्रार सुरू होते.

चक जगली त्याची किंमत अंत्यसंस्काराच्या त्या घराचा मालक भरतो. मिनिट संपतं तेव्हा तो जवळ असतो, एवढाच त्याचा गुन्हा. पण मालिकेला हे सोसवत नाही. हा माणूस प्रेतांच्या अंगावरच्या वस्तू चोरायचा, असं आपल्याला मागाहून सांगितलं जातं. म्हणजे गेला ते बरंच झालं. सोमदेवाकडे पोर आगीत पडतं तेव्हा ते रडकं होतं यापलीकडे काही सांगितलेलं नाही, त्याच्या मरणाचं समर्थन कुणी करत नाही, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. फुलर काटा येऊ देत नाही. जो जावा असा तोच गेला, असं जग मांडलं की निवड उरत नाही.

त्याहून मोठी गोष्ट संमतीची. नेड चकला विचारतो, की मेलेलं न राहण्याची सोय असली तर? तिला ते अर्थातच आवडतं. प्रसंग सुंदर आहे, दोघं घाबरलेली, घड्याळ चाललेलं, आणि इतक्या वर्षांचं न बोललेलं प्रेम एका मिनिटात. पण तिनं हो म्हटलं ते किंमत न कळता. बदल्यात कुणी जाईल हे त्यानं सांगितलं नाही. तुझा बाप माझ्यामुळे गेला हेही सांगितलं नाही, ते सांगायला त्याला पहिल्या पर्वाचा शेवट गाठावा लागतो. वेताळाच्या गोष्टीतही मंदारवतीला कुणी काही विचारत नाही. तिघं भांडतात, राजा न्याय देतो, ती उभी असते. हजार वर्षांत एवढीच प्रगती झाली की तिला विचारलं जातं, अर्धंच सांगून.

खुनाचा तपास म्हणाल तर तो बेताचाच आहे. जहाजावरच्या सहलीला गेलेल्या चकचा तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून खून होतो. प्लास्टरची दोन माकडं, त्यांच्या पोटात लपवलेलं सोनं, आणि तिच्या हातून ती नकळत आणवणारं प्रवासी कंपनीचं दुकान. गुप्तहेर एमर्सन कॉड (चाय मॅकब्राइड) हा पैशांचा लोभी आणि विणकामाचा शौकीन, तो पडद्यावर असेपर्यंत कंटाळा येत नाही. पण खुनी कोण याची उत्सुकता मला एकदाही वाटली नाही, आणि त्यानं बिघडलंही नाही. मेलेल्यांना विचारायचा प्रश्नच नेडनं चुकीचा निवडला आहे. तुला कुणी मारलं हे बहुतेक मेलेल्यांना माहीतच नसतं, चकलाही नसतं. वेताळाकडे उलट आहे. तिथं प्रेत विचारतं आणि जिवंत माणसाला उत्तर द्यावं लागतं. प्रश्न असतो, ही कुणाची?

‘पाय-लेट’मध्ये या प्रश्नाला खरे दावेदार दोन आहेत असं मला वाटतं, आणि त्यांच्याकडे समीक्षकांचं लक्ष कमी जातं. लिली आणि व्हिव्हियन (स्वूझी कर्ट्झ आणि एलन ग्रीन). एकेकाळच्या जलनृत्यातल्या प्रसिद्ध बहिणी. आता घराबाहेर पडायला घाबरतात, पडदे ओढून चीज खात बसतात. बाप गेल्यावर चकला त्यांनीच वाढवलं. ती जिवंत आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं नेड ठरवतो. ती खुनी पकडायच्या निमित्तानं त्यांच्या घरापर्यंत येते आणि त्या तिच्या नावानं रडत राहतात. राखेवर झोपणाऱ्या या दोघी आहेत. राजानं न्याय दिला असता तर चक त्यांच्या पदरात घातली असती.

अनुवाद करायला बसलं तर या दोघींपाशी हात थांबतो. इंग्रजीतलं एकच नातं मराठीला चालत नाही. मावशी म्हणायचं, आत्या म्हणायचं की काकू? पहिल्या भागातून ठरवता येत नाही. पुढे उलगडतं की लिली ही चकची आईच आहे आणि हे गुपित तिनं जन्मभर पोटात ठेवलं आहे. इंग्रजीतल्या त्या सैल शब्दाच्या आड ते बिनबोभाट लपून राहतं. मराठीत अनुवादकाला पहिल्याच भागात नातं ठरवावं लागतं, म्हणजे गुपिताच्या एका बाजूला उभं राहावं लागतं. मी मावशी म्हटलं असतं. व्हिव्हियनच्या बाबतीत ते खरं ठरलं असतं. लिलीच्या बाबतीत ते खोटं ठरलं असतं, पण ज्या खोट्यात ती जगते तेच.

भागाच्या शेवटाकडे नेड आणि चक शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचे हात पाठीमागे. प्रत्येकानं स्वतःचाच हात धरला आहे आणि तो दुसऱ्याचा आहे अशी कल्पना केली आहे. पुढल्या भागांत प्लास्टिकच्या पडद्याआडून चुंबनं वगैरे होतात, क्लृप्त्या निघत राहतात. मला त्या नको होत्या. पहिल्या भागातले ते चार हात पुरे होते. मालिका बंद पडल्याबद्दल हळहळणारे चाहते मला भेटले आहेत, पण या चित्रानंतर सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं, असं माझं मत आहे.

आता ज्याच्यामुळे हा भाग माझ्या मनातून जात नाही ते सांगते. बाबांच्या सात वह्या आहेत. मराठीत, बारीक अक्षरात. गाव, पाऊस, मटाराचा भाव, घरातली भांडणं, कुठल्या दिवशी कुणाला पत्र लिहिलं. भावाची मुलं मराठी ऐकून थोडी समजतात, वाचून नाही. लिपी तीच असल्यानं अक्षरं लावतात, अर्थ लागत नाही. भाऊ म्हणाला, ताई, तू हिंदीत करून दे, म्हणजे बाबा पोरांना कळतील. मी लगेच हो म्हटलं. माझं कामच आहे ते. चाळीस पानं झालीही. पोरांनी ती वाचली, हसली, आजोबा असे होते का म्हणाली. खरंच, मिनिटभर ते उठून बसले.

मग माझ्या लक्षात आलं, की त्या चाळीस पानांच्या मूळ वहीला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. लावणारही नाही. हिंदी आहे म्हटल्यावर कोण कशाला लावेल? हा हिशेब मी भावाला सांगितला नव्हता, कारण मलाच माहीत नव्हता. आणि राजाचा निवाडा धरला तर अस्थी नेणारा भाऊ मुलगाच राहिला. मी मात्र बाबांची आई व्हायला निघाले होते. त्यांची वाक्यं नीट करत होते, चुका पुसत होते, एका जागी त्यांनी आईबद्दल लिहिलेला कडवट शब्द मी गोड केला होता. तो त्यांचा शब्द नव्हता, माझा होता.

मागच्या आठवड्यात भावाला फोन केला. म्हटलं, हिंदी देते, पण सुटं नाही. डाव्या पानावर बाबांच्या अक्षरातली मराठी, उजव्या पानावर हिंदी. जाड होईल, महाग पडेल. तो म्हणाला, पोरं डावं पान वाचणार नाहीत. म्हटलं, नकोत वाचू दे, समोर असू दे. तो कडवट शब्द मी परत जागेवर ठेवला आहे. आईला आधी दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, वही मिटली आणि म्हणाली, तारीख बघ, त्या दिवशी मीही काही कमी बोलले नव्हते.